घरातील दोन जलमार्ग : नळकामाची निगा आणि दुरुस्ती

नळाची तोटी फिरविली की पाणी येते आणि मोरीत ओतले की ते निघून जाते. या दोन्ही क्रिया आपल्या इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की, त्यांच्यामागे काही रचना आहे याची आठवण ती रचना बिघडेपर्यंत होत नाही. मग एखाद्या रात्री तोटीची टपटप झोपू देत नाही, भिंतीवर ओल पसरते किंवा ऐन सणाच्या सकाळी मोरी तुंबते. अशा वेळी कारागिराची वाट पाहत बसणे एवढेच बहुतेकांच्या हाती असते. वास्तविक यांतील पुष्कळसे दोष आधी टाळता येण्याजोगे असतात आणि काही तर अर्ध्या तासात घरीच दुरुस्त करता येतात. मात्र त्यासाठी भिंतीआड काय चालले आहे ते प्रथम समजून घेतले पाहिजे.

प्रत्येक घरात दोन जलमार्ग असतात. एक येणाऱ्या स्वच्छ पाण्याचा आणि दुसरा जाणाऱ्या सांडपाण्याचा. पहिल्यात पाणी दाबाखाली असते, तर दुसऱ्यात ते केवळ उतारावरून आपल्या वजनाने वाहते. हे दोन मार्ग एकाच भिंतीतून व एकाच जमिनीखालून, कित्येकदा हातभर अंतरावरून जातात; पण त्यांची गाठ कधीही पडता कामा नये. नळकामाची सारी विद्या या एका नियमात सामावलेली आहे. तोटीतील रबराची चकती, टाकीतील तरंगता गोळा आणि मोरीखालचा वाकडा नळ हे सर्व या नियमाचेच पहारेकरी होत. भारतीय उपखंडात ही विद्या नवी नाही. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या मोहेंजोदडो येथे घरोघरच्या स्नानगृहांतील पाणी विटांनी बांधलेल्या, वरून झाकलेल्या गटारांतून गावाबाहेर नेलेले आढळते. पिण्याच्या पाण्याच्या विहिरी त्याच वस्तीत, पण वेगळ्या बांधलेल्या होत्या.

नळातील दाब

नळातील पाणी तोटी बंद असतानाही स्वस्थ नसते. ते तोटीला सतत रेटत असते. हा रेटा पाण्याच्या उंचीवर अवलंबून असतो. पाण्याचा १० मीटर उंचीचा स्तंभ आपल्या तळाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोग्रॅम भार टाकतो. गच्चीवरील टाकी तोटीपासून १२ मीटर उंच असेल, तर तळमजल्यावरील तोटीत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १.२ किलोग्रॅम दाब येईल. अर्ध्या इंची तोटीचे आतील तोंड सुमारे १.३ चौरस सेंटिमीटरचे असते. म्हणजे रुपयाच्या नाण्याहून लहान अशी रबराची एक चकती सुमारे दीड किलोग्रॅम भार अहोरात्र पेलत असते. टाकी तोटीच्या केवळ ३ मीटर वर असेल, तर हाच भार चारशे ग्रॅमच्या आसपास येतो. वरच्या मजल्यावर धार बारीक का आणि खालच्या मजल्यावर तोट्या लवकर का झिजतात, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे.

ठिबकणारी तोटी

फिरकीने खालीवर होणारी तोटी एकोणिसाव्या शतकात प्रचारात आली. इंग्लंडमधील रॉदरहॅम येथील गेस्ट आणि क्राइम्स यांनी १८४५ साली अशा तोटीचे एकस्व घेतले. तिची रचना आजही बहुतांशी तीच आहे. आपण मूठ फिरवितो तेव्हा आतील आट्यांचा दांडा खाली उतरतो आणि त्याच्या टोकाशी बसविलेली रबराची चकती, म्हणजे वॉशर, पितळी बैठकीवर दाबली जाते. बैठकीचे छिद्र बंद झाले की पाणी थांबते. हे रबर कालांतराने कडक होते, त्याला चर पडतो किंवा त्याच्याखाली वाळूचा कण अडकतो. मग पाण्याला केसाएवढी वाट सापडते आणि तोटी ठिबकू लागते.

अशा वेळी बहुतेकजण मूठ अधिक जोराने आवळतात. त्याने क्षणभर गळती थांबते खरी, परंतु रबर आणखी चेपते, पुढे पितळी बैठकच खरवडली जाते आणि दोन-चार रुपयांचे काम शेकडो रुपयांवर जाते.

एक थेंब म्हणजे किती पाणी, हे विद्यार्थ्यांनी स्वतः मोजून पाहावे. वीस थेंबांचे साधारण एक मिलिलिटर होते. दर सेकंदाला एक थेंब पडत असेल, तर दिवसाला ८६,४०० थेंब, म्हणजे सुमारे सव्वाचार लिटर पाणी जाते. वर्षाचा हिशेब दीड हजार लिटरांहून अधिक होतो. थेंबांची बारीक धार बनली, तर एक लिटरचे भांडे कदाचित दहा मिनिटांत भरेल. मग दिवसाचे १४४ लिटर झाले. मलनिःसारणाची व्यवस्था असलेल्या भारतीय शहरांत माणशी दररोज १३५ लिटर पाणी द्यावे, असे नियोजनाचे प्रमाण आहे. आणि २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी ५५ लिटर धरले आहेत. एक दुर्लक्षित तोटी शहरातील एका माणसाच्या किंवा खेड्यातील अडीच माणसांच्या वाट्याचे पाणी मुकाट्याने पिऊन टाकते, असा याचा अर्थ होतो.

वॉशर बदलण्याची रीत अशी : प्रथम त्या नळाची किंवा घराची मुख्य चावी बंद करावी आणि तोटी पूर्ण उघडून उरलेले पाणी जाऊ द्यावे. मोरीच्या जाळीवर फडके अंथरावे, म्हणजे सुटलेला स्क्रू गटारात जाणार नाही. तोटीच्या डोक्यावरील षट्कोनी नटाला कापड गुंडाळून पान्याने तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवावा. मात्र दुसऱ्या हाताने तोटीचे अंग घट्ट धरावे, नाही तर सारा नळच भिंतीत फिरून सांधा ढिला होतो. डोके निघाल्यावर दांड्याच्या टोकाचे जुने वॉशर काढून त्याच मापाचे नवे बसवावे. बोट फिरवून बैठक पाहावी. ती गुळगुळीत असली तर काम झाले. खरखरीत असली तर नवे वॉशरही फार दिवस टिकणार नाही आणि बैठक घासून घेणे किंवा तोटी बदलणे प्राप्त होते. शेवटी डोके पुन्हा बसवून मुख्य चावी हळूहळू उघडावी.

पाणी तोंडातून न गळता मुठीच्या खालून पाझरत असेल, तर दोष वॉशरचा नसून दांड्याभोवतीच्या दोरीच्या पॅकिंगचा असतो. तेथील नट पाव फेरा आवळला किंवा पॅकिंग नवे घातले की पाझर थांबतो. अलीकडच्या पाव फेऱ्यात उघडणाऱ्या तोट्यांमध्ये रबराऐवजी चिनी मातीच्या दोन घोटीव चकत्या एकमेकींवर सरकतात. त्या दीर्घकाळ टिकतात, परंतु वाळूच्या कणाने त्यांना ओरखडा पडला की आतील संपूर्ण भागच बदलावा लागतो.

या सर्वांत पहिला धडा मुख्य चावीचा आहे. घरातील प्रत्येक मोठ्या माणसाला व जाणत्या मुलाला ती कोठे आहे हे ठाऊक असावे. वर्षानुवर्षे न फिरविलेली चावी गंजून जाम होते आणि नळ फुटल्याच्या घटकेस हटत नाही. म्हणून महिन्यातून एकदा ती बंद करून उघडावी.

गंज, क्षार, धक्का आणि थंडी

जुन्या घरांतील नळ लोखंडी असून त्यांवर जस्ताचा मुलामा असतो. जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचविते. मात्र जस्त संपले की गंज सुरू होतो. आटे पाडलेल्या ठिकाणी मुलामा मुळातच कापला गेलेला असतो, त्यामुळे गंजाची सुरुवात बहुधा सांध्यापासून होते. सकाळचे पहिले पाणी तांबूस येणे ही त्याची खूण होय. सांधा जोडताना पूर्वी ताग आणि सफेदा वापरीत; आता पांढरी टेफ्लॉन पट्टी सर्वत्र मिळते. ती आट्यांवर सांधा आवळण्याच्या दिशेने गुंडाळावी. उलट गुंडाळली तर आवळताना ती उसवून बाहेर येते. प्लॅस्टिकच्या नळांना गंज चढत नाही, पण उन्हाने ते ठिसूळ होतात. म्हणून गच्चीवरील उघड्या नळांना रंग किंवा आच्छादन द्यावे.

विंधन विहिरीचे पाणी बहुधा जड असते. त्यात विरघळलेले कॅल्शियमचे बायकार्बोनेट पाणी तापताच कार्बोनेटच्या रूपाने खाली बसते. शॉवरची छिद्रे बुजणे, गीझरच्या तापक नळीवर पांढरा थर जमणे ही त्याचीच फळे होत. भारतीय मानकानुसार पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य असून, दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालवून घेता येतो. शॉवरची जाळी काढून काही तास लिंबाच्या रसात किंवा शिरक्यात बुडविली, तर आम्लाने हा थर विरघळतो. गीझर मात्र वीज तोडून जाणकाराकडूनच साफ करून घ्यावा आणि त्याची सुरक्षा झडप कधीही बुजवू नये.

तोटी किंवा झडप एकदम बंद केली असता नळात धाडकन आवाज होतो. वाहते पाणी अकस्मात थांबल्यामुळे त्याचा वेग दाबात रूपांतरित होतो आणि ती दाबाची लाट नळातून मागे धावते. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्की यांनी मॉस्कोच्या जलवाहिन्यांवर प्रयोग करून १८९८ साली या घटनेचे गणित मांडले. धातूच्या नळात सेकंदाला एक मीटर वेगाने वाहणारे पाणी एकाएकी अडविले, तर क्षणमात्र दाब दर चौरस सेंटिमीटरला १२ किलोग्रॅमच्या घरात वाढू शकतो. हा दाब घरच्या नेहमीच्या दाबाच्या दहापट झाला. सांधे ढिले करणारा हा अदृश्य हातोडा टाळण्याचे उपाय सोपे आहेत : तोटी सावकाश बंद करणे आणि नळ भिंतीशी पट्ट्यांनी घट्ट बांधणे.

लेह, शिमला यांसारख्या डोंगराळ प्रदेशांत संकट निराळे असते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते आणि बंद नळात त्या फुगण्याला जागा नसल्याने नळ फुटतो. तेथे रात्री नळ रिकामे ठेवणे किंवा त्यांना उबदार वेष्टन घालणे हाच प्रतिबंध होय. गोठलेला नळ वितळविताना तोटी उघडून ठेवावी आणि तिच्या बाजूने प्रारंभ करून गरम पाण्यात पिळलेली फडकी गुंडाळावीत. ज्योत कधीही लावू नये.

टाकी आणि तरंगता गोळा

टाकी भरताच पाणी आपोआप थांबविणारा गोळा हे स्वयंचलित यंत्राचे एक अतिप्राचीन उदाहरण आहे. पाण्याची पातळी चढते तसा पोकळ गोळा वर उचलला जातो, त्याचा दांडा झडपेवर दाबला जातो आणि पाणी बंद होते. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टेसिबियसने आपल्या जलघड्याळात तरंगत्या वस्तूचा असाच उपयोग केला होता. टाकी वाहत राहिली तर तीन गोष्टी पाहाव्यात : गोळ्याला भोक पडून त्यात पाणी शिरले आहे काय, दांडा वाकला आहे काय आणि झडपेचे रबर झिजले आहे काय. तिन्हींची दुरुस्ती स्वस्त आहे.

शौचकूपाच्या टाकीतील गळती मात्र दिसत नाही, कारण पाणी भांड्याच्या मागच्या बाजूने निःशब्दपणे सरकत असते. ती ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे. टाकीत खाण्याचा रंग थोडासा टाकावा आणि अर्धा तास कोणी ती वापरू नये. भांड्यात रंग उतरला, तर टाकीच्या तळाचे रबर बदलले पाहिजे.

पिण्याच्या पाण्याची टाकी झाकणबंद हवी. तिच्या उतू जाण्याच्या नळीवर बारीक जाळी हवी, कारण डेंग्यूचा प्रसार करणारा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. टाकी सहा महिन्यांनी रिकामी करून घासावी. तळाचा गाळ निघाल्यावर १,००० लिटर पाण्यात सुमारे १५० ग्रॅम ताजी विरंजक भुकटी मिसळून ते रात्रभर ठेवावे, मग सर्व पाणी टाकून देऊन टाकी पुन्हा धुवावी.

गळती : दोन्ही बाजूंनी उघडी वाट

आतापर्यंत गळतीचा विचार पाण्याच्या नासाडीच्या दृष्टीने केला. परंतु आपल्या देशात तिचे दुसरे आणि अधिक भयंकर अंग आहे. पुष्कळ भारतीय शहरांत नळाला दिवसातून काही तासच पाणी येते. ते चालू असताना भेगेतून पाणी बाहेर पडते. ते थांबले की मुख्य वाहिनी रिकामी होऊ लागते, सखल भागातील घरे उरलेले पाणी ओढून घेतात आणि उंचावरील नळांत बाहेरच्या हवेपेक्षाही कमी दाब निर्माण होतो. मग त्याच भेगेतून भोवतालच्या मातीतील ओल आत शोषली जाते. शेजारून फुटके गटार जात असेल, तर त्याचे पाणी स्वच्छ नळात शिरते. अशा रीतीने दोन जलमार्गांची गाठ पडते आणि कावीळ, विषमज्वर, कॉलरा यांना घरात वाट मिळते.

हा केवळ तर्क नव्हे. कर्नाटकातील हुबळी-धारवाड येथे २००८ च्या सुमारास काही प्रभागांना चोवीस तास पाणी मिळू लागले आणि बाकीच्या शहरात ते खंडित रीतीनेच येत राहिले. तेथील दोन्ही प्रकारच्या नळांच्या पाण्याची तुलना करणारा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. मूळ पाणी तेच असूनही, विष्ठेतून येणारे जंतू खंडित पुरवठ्याच्या नळांत कितीतरी अधिक वेळा आढळले. ओडिशातील पुरी येथे २०२१ मध्ये थेट नळातून पिण्याजोगे पाणी चोवीस तास देण्याची योजना सुरू झाली. तिच्यामागचे एक तत्त्व हेच आहे की, सतत भरलेल्या नळात बाहेरची घाण शिरू शकत नाही.

पुरवठा चोवीस तास करणे घरातील माणसाच्या हाती नाही. परंतु काही गोष्टी निश्चितपणे हाती आहेत. घराचा जोडनळ गटारातून किंवा त्याच्या खालून नेलेला असेल, तर तो वर घेऊन दूर न्यावा. पाणी येताच पहिली काही मिनिटांची धार पिण्यासाठी भरू नये, ती फरशी पुसण्यास किंवा झाडांना वापरावी. मुख्य वाहिनीला थेट विजेचा पंप लावू नये. तो केवळ शेजाऱ्याचे पाणी ओढीत नाही, तर वाटेतील प्रत्येक भेगेतून घाणही ओढतो. रबरी नळीचे टोक बादलीत किंवा हौदात बुडते ठेवू नये, कारण दाब उतरला की बादलीतील पाणी नळात उलटे चढते. तोटीचे तोंड भांड्याच्या काठाहून नेहमी वर असावे. मधली ती बोटभर हवा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत विश्वासू झडप आहे.

वाकड्या नळाचे रहस्य

आता जाणाऱ्या पाण्याकडे वळू. धुण्याच्या भांड्याखाली पाहिले तर नळ सरळ खाली न जाता एक वळसा घेऊन जातो असे दिसते. न्हाणीघराच्या जाळीखालीही असाच वळसा असतो. कारागीर त्याला नहाणी ट्रॅप म्हणतात. या वळशात नेहमी थोडे पाणी उरते. सुमारे ५० मिलिमीटर खोलीचा हा पाण्याचा बांध गटारातील वायू, दुर्गंधी आणि झुरळे यांना घरात येऊ देत नाही, पण वरून ओतलेले पाणी मात्र जाऊ देतो. घड्याळजी असलेले अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ साली शौचकूपासाठी अशा वाकड्या नळाचे एकस्व घेतले. त्यात हलणारा एकही भाग नाही. पाणी हेच तेथे दार होय.

पण हे दार वाळू शकते. जी मोरी आठवडेच्या आठवडे वापरात नसते, तिच्या वळशातील पाणी उडून जाते. हाँगकाँगमधील अमॉय गार्डन्स या वसाहतीत २००३ च्या मार्च महिन्यात सार्स या रोगाने तीनशेहून अधिक रहिवाशांना ग्रासले. तपासाअंती जे कारण सर्वांत संभाव्य मानले गेले ते असे की, न्हाणीघरांच्या फरशा धुण्याऐवजी पुसल्या जात असल्याने जाळ्यांखालील वळसे कोरडे पडले होते. हवा बाहेर फेकणारे पंखे लावताच मैल्याच्या उभ्या नळातील रोगजंतुयुक्त तुषार त्या कोरड्या वाटेने खोल्यांत ओढले गेले. तांबाभर पाण्याने जे दार बंद राहिले असते, ते उघडे राहिल्याने केवढा अनर्थ ओढवला! म्हणून क्वचित वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक मोरीत आठवड्यातून एकदा तांबाभर पाणी ओतावे. गावाला जाताना वळशातील पाण्यावर चमचाभर गोडे तेल सोडले, तर बाष्पीभवन मंदावते.

मोरी तुंबली असता

स्वयंपाकघराची मोरी तुंबते ती मुख्यतः तुपातेलाने. गरम असताना पातळ वाटणारी चरबी थंड नळात थिजते, तिच्यावर भाताची शिते व चहाचा गाळ चिकटतो आणि नळाचे तोंड महिन्यामागून महिना आकसत जाते. न्हाणीघरात हेच काम केस आणि साबणाचा साका करतात. प्रतिबंध उघड आहे : भांडी घासण्यापूर्वी कागदाने पुसून घ्यावीत, वापरलेले तेल मोरीत ओतू नये, जाळी रोज उचलून साफ करावी.

तरीही पाणी तुंबलेच, तर प्रथम रबरी पंप वापरावा. त्याचे तोंड पाण्यात बुडेल इतके पाणी भांड्यात असू द्यावे आणि उतू जाण्याचे छिद्र ओल्या फडक्याने बंद करावे. मग दहा-पंधरा वेळा सलग दाबून उचलावे. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे हाताचा रेटा सरळ अडथळ्यापर्यंत पोचतो. याने भागले नाही, तर वळशाखाली बादली ठेवून त्याचा तळनट हाताने सोडवावा. बहुतेक अडथळे तेथेच सापडतात. त्यापुढचा अडथळा लवचिक तारेने काढता येतो.

तीव्र रसायनांचा मोह टाळावा. कॉस्टिक सोडा पाण्यात पडताच उष्णता निर्माण होते, त्याचे शिंतोडे डोळ्यांना कायमची इजा करू शकतात. शौचकूप साफ करण्याचे आम्ल आणि विरंजक भुकटी किंवा तिचे द्रावण ही तर कधीही एकत्र येऊ देऊ नयेत. त्यांच्या संयोगातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो आणि न्हाणीघराच्या कोंडलेल्या जागेत तो प्राणघातक ठरू शकतो.

घरातून निघालेला अडथळा नाहीसा होत नाही, हेही ध्यानात असावे. मोरीत ढकललेली चिंधी, शौचकूपात टाकलेला कापसाचा बोळा किंवा प्लॅस्टिकची पिशवी पुढे रस्त्याखालच्या गटारात अडकते. तेथे तुंबलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड निर्माण होतो. या वायूचे प्रमाण वाढले की वास घेण्याची शक्तीच लुळी पडते आणि काही श्वासांत माणूस कोसळतो. संरक्षक साधनांवाचून माणसाला गटारात किंवा मैल्याच्या टाकीत उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही अशा कामात माणसे दगावल्याच्या वार्ता येतच राहतात. आपल्या घरची मैल्याची टाकी उपसण्यासाठी कोणालाही आत उतरू देऊ नये. त्यासाठी शोषक यंत्राची गाडीच बोलवावी.

निगेचे वेळापत्रक

निगा ही वेळच्या वेळी घेतली तरच तिला अर्थ असतो. रोज मोरीची जाळी साफ करावी. आठवड्यातून एकदा न वापरलेल्या मोऱ्यांत पाणी ओतावे. महिन्यातून एकदा मुख्य चावी फिरवावी आणि सर्व तोट्या व सांधे बोटाने चाचपून पाहावेत. सहा महिन्यांनी टाकी धुवावी, शौचकूपाच्या टाकीची रंगपरीक्षा घ्यावी आणि शॉवरच्या जाळ्या स्वच्छ कराव्यात. ज्यांच्या नळाला मापक आहे, त्यांनी वर्षातून एकदा रात्री सर्व तोट्या बंद करून त्याचा आकडा टिपून ठेवावा. सकाळी कोणी पाणी वापरण्यापूर्वी तो पुढे सरकलेला दिसला, तर कोठे तरी लपलेली गळती आहे हे निश्चित. शाळेच्या इमारतीतही हा प्रयोग विद्यार्थ्यांना करता येईल; शनिवारी सायंकाळी आकडा लिहावा आणि सोमवारी सकाळी पुन्हा पाहावा.

भिंतीच्या आतील नळ, गीझर, विजेचा पंप आणि मुख्य वाहिनीचा जोड ही कामे मात्र शिकलेल्या कारागिरावरच सोपवावीत. तथापि दोषाचे कारण ओळखणाऱ्या गृहस्थाला कारागिराशी बोलताना काय विचारावे आणि काय पाहावे हे समजते. एवढ्यासाठी घरात एक पाना, एक स्क्रू ड्रायव्हर, दोन-चार वॉशर, टेफ्लॉन पट्टी आणि रबरी पंप असला की पुरे. येणारे पाणी जाणाऱ्या पाण्यापासून वेगळे राखणे हे काम नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रात सुरू होते. पण त्याचा शेवटचा टप्पा आपल्या स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात असतो, आणि तेथील पहारा आपणच द्यावयाचा असतो.